मंकीफ्लॉवर उगवलं नाही ते वर्ष

रेनो शहरातून पूर्वेकडे तासभर गाडी चालवली की टॅलबट व्हॅली नावाचं खोरं लागतं. सपाट, वाळूचं, राखी रंगाच्या सेजब्रशच्या झुडपांनी भरलेलं. तिथे एक कंपनी सोलर प्लांट उभा करणार होती. जमीन सरकारी होती, त्यामुळे बांधकामाआधी दुर्मिळ वनस्पतींचा सर्व्हे करून घेणं कंपनीला भाग होतं. नीलांबरी वैरागडे ज्या लहानशा फर्ममध्ये बॉटनिस्ट होती, तिच्याकडे ते काम आलं.

शोधायची होती मुख्यतः एकच जात. मंकीफ्लॉवरची एक बुटकी बहीण, फक्त या भागातल्या दोन-चार खोऱ्यांत उगवणारी. पूर्ण वाढलेलं रोप बोटाच्या पेराएवढं. इवलीशी पानं, वर एकच पिवळं फूल आणि त्याच्या घशात तांबडे ठिपके. बर्फ वितळून वाळूत ओल उतरली की बी रुजतं, रोप फुलतं, बी धरतं आणि उन्हाळा तापायच्या आत वाळून उडून जातं. ओल मिळाली नाही तर ते रुजतच नाही. वाळूत तसंच पडून राहतं, कित्येक वर्षं.

त्या हिवाळ्यात बर्फ जवळजवळ पडलाच नव्हता. एप्रिलमध्ये नीलांबरी आणि तिचे दोन सहकारी ओळीने खोरं पालथं घालत होते. चार पावलं चालायचं, गुडघे टेकायचे, वाळू बघायची, उठायचं. मंकीफ्लॉवर कुठेच नव्हतं. पण ते नसण्याला अर्थ आहे की नाही हे ठरवायला आणखी एक गोष्ट करावी लागते, आणि ती तिने केली. डोंगरापलीकडे एक उतार होता. तिथे ही जात आहे हे सगळ्यांना माहीत होतं; चांगल्या वर्षी तो उतार लांबूनही पिवळा दिसायचा. ती तिथे गेली. तिथेही नुसती वाळू होती.

ती बराच वेळ त्या उतारावर बसून राहिली. मग पाणी प्यायली आणि घरी आली.

घरी तिचे वडील होते. जगन्नाथ वैरागडे, वय पंचाहत्तर. विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात आयुष्यभर नोकरी करून निवृत्त झालेले. पत्नी गेल्यानंतर नागपूरचा फ्लॅट बंद करून ते एकुलत्या एका मुलीकडे आले होते. नीलांबरीने लग्न केलं नव्हतं. पीएचडीला आली, मग नोकरी, मग कितीतरी वर्षं व्हिसाची टांगती तलवार, शेवटी ग्रीन कार्ड. आता दोघांचं घर होतं. स्वयंपाक वडील करायचे.

"दिसलं का तुझं माकडफूल?" त्यांनी विचारलं. नाव कळल्यापासून ते त्याला असंच म्हणायचे.

"नाही. तिकडच्या उतारावर पण नाही."

"मग झालं तर. प्लांटचा रस्ता मोकळा."

"तसं नसतं बाबा."

जगन्नाथांना तो प्लांट व्हायला हवा होता, आणि त्याला कारण होतं. त्यांनी पस्तीस वर्षं कोळशाची राख पाहिली होती. खिडक्यांच्या चौकटीत, वाळत घातलेल्या कपड्यांवर, लोकांच्या खोकल्यात. त्यांच्या शिफ्टमधली चार माणसं साठी गाठायच्या आत गेली. उन्हापासून वीज होते आणि त्यात काही जळत नाही, ही गोष्ट त्यांना म्हातारपणी मिळालेल्या एखाद्या देणगीसारखी वाटायची.

त्यात आणखी एक माणूस होता. कंपनीच्या प्लेनो शहरातल्या ऑफिसातून परवानग्यांचं सगळं काम बघणारा संग्राम राऊत. मूळचा अमरावतीचा. पहिल्या मीटिंगला नीलांबरीचं आडनाव बघून त्याने मराठीतच विचारलं होतं, "मॅडम, वैरागडे म्हणजे नागपूरकडचे ना?" तेव्हापासून तो महिन्या-दोन महिन्यांनी साइटवर यायचा तेव्हा रात्रीचं जेवण त्यांच्याकडे. जगन्नाथ त्याच्यासाठी मुद्दाम पाटोड्यांची भाजी करायचे. तो त्यांना काका म्हणायचा, नीलांबरीला ताई. जेवण झालं की दोघं ट्रान्स्फॉर्मरवर बोलत बसायचे. कधी फोनवर त्याची बायको रत्ना आणि मुलगी अनिका दिसायच्या. अनिका प्लेनोतच जन्मलेली, दुसरीत. जगन्नाथ मराठीत विचारायचे, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि दोघांचं छान जमायचं.

सर्व्हे संपल्यावर संग्राम आला. जेवताना तो नेहमीसारखा बोलत नव्हता. जगन्नाथांनी ताटं उचलली तेव्हा तो म्हणाला, "ताई, रिपोर्टचं काय?"

"लिहितेय."

"काय लिहिताय?"

"जे आहे ते. या वर्षीच्या सर्व्हेवरून काही ठरवता येत नाही. चांगलं वर्ष येईल तेव्हा परत करावा लागेल."

संग्रामने पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला. "तुम्हाला काही सापडलं नाही ना?"

"नाही."

"मग तेच लिहा ना. 'सर्व्हे केला, जात आढळली नाही.' त्यात खोटं काय आहे? एक शब्द खोटा नाही."

"शब्द खोटा नाही. पण वाचणारा काय समजेल? तो समजेल, तिथे ती नाही. आणि तिथे ती आहे की नाही हे मला माहीत नाही. जिथे ती नक्की आहे तिथेसुद्धा या वर्षी उगवली नाही, संग्राम."

"चांगलं वर्ष कधी येणार?"

"सांगता येत नाही."

"म्हणजे पुढच्या वर्षी पण नाही येऊ शकत."

"नाही येऊ शकत."

संग्राम हळू आवाजात म्हणाला, "फायनान्सवाले थांबणार नाहीत, ताई. ते ऑलरेडी नर्व्हस आहेत. प्रोजेक्ट लांबला तर प्लेनोची आमची टीम पहिली जाईल. मी एचवन व्हिसावर आहे. तुम्हाला वेगळं सांगायला नको, तुम्ही स्वतः त्यातून गेलाय. आणि हा काही कोळशाचा प्लांट नाहीये. आपण चांगलंच काम करतोय ना?"

"चांगलंच काम आहे," नीलांबरी म्हणाली. "म्हणूनच मला त्रास होतोय."

सिंककडे पाठ फिरवून जगन्नाथ उभे होते. हात ओले. "नीला, तो काही चुकीचं लिहायला सांगत नाहीये," ते म्हणाले.

"मला कळतंय बाबा."

"मग काहून अडून बसली?"

उत्तर होतं, पण त्या टेबलाशी ते फार लहान वाटलं असतं. एकदा जमीन सपाट केली, वर खडी टाकली, खांब ठोकले, की खाली पडलेलं बी कायमचं गेलं. ते होतं हेही मग कुणाला कळणार नाही. आणि ते बघायचं काम दुसऱ्या कुणाचं नव्हतं, तिचं होतं. संग्रामने निघताना बूट घातले, काकांच्या पाया पडला, तिला "येतो ताई" म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला सोपं गेलं असतं.

तिने रिपोर्ट तिला लिहायचा होता तसाच लिहिला. तिच्या बॉसने तो दोनदा वाचला, म्हणाला, "सही तुझी आहे, निर्णयही तुझा," आणि पाठवून दिला.

पुढचं सगळं संग्रामने सांगितलं होतं त्याच क्रमाने झालं. सरकारी खात्याने आणखी एका सर्व्हेची अट घातली. पैसे लावणाऱ्यांनी वर्षभर थांबायचं ठरवलं. ऑगस्टमध्ये प्लेनोची टीम बंद झाली. संग्रामला नवी नोकरी शोधायला दोन महिने होते, नाहीतर देश सोडावा लागणार होता. त्याने अल्फारेटा, अ‍ॅशबर्न, फीनिक्स, कुठे कुठे इंटरव्ह्यू दिले. एका ठिकाणी जवळजवळ झालं होतं, पण व्हिसाचं ऐकून त्यांनी कळवतो म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही.

अमरावतीला परत निघण्याआधी त्याने फोन केला तो जगन्नाथांना. नीलांबरी समोरच बसली होती. वडील नुसतं "हो, हो" म्हणत होते. मग म्हणाले, "अनिकाला दे." पलीकडून अनिका बहुतेक काहीतरी विचारत होती, कारण त्यांनी सांगितलं, "हो बेटा, तिथे पण लायब्ररी असते." फोन ठेवल्यावर ते उठून आपल्या खोलीत गेले. त्या दिवशी त्यांनी स्वयंपाक केला नाही. नीलांबरीने खिचडी टाकली, त्यांचं ताट वाढून ठेवलं. त्यांनी ते खाल्लं, पण एकटे.

त्यानंतर घरात बोलणं कमी झालं. भांडण असं कधी झालं नाही. चहा व्हायचा, भाजी यायची, औषधांच्या गोळ्या वेळेवर घेतल्या जायच्या. फक्त ते तिच्या कामाबद्दल विचारेनासे झाले. एकदा, दिवाळीच्या आसपास, तीच म्हणाली, "बाबा, मी चुकले असं तुम्हाला वाटतं का?"

त्यांनी पेपरमधून मान वर केली. "चुकली असती तर तुला चार शब्द बोलून मोकळा झालो असतो," ते म्हणाले. "तू चुकली नाहीस. तो पण चुकला नाही. मग त्या पोराचं घर का मोडलं, हे मला कळत नाही."

तिलाही कळत नव्हतं. आपण ज्याच्यासाठी एवढं केलं ते तिथे नसेलच, ही शक्यता ती मनातून काढू शकत नव्हती. तसं झालं तरी तिचा रिपोर्ट बरोबरच ठरणार होता. पण बरोबर असण्याची तिला आता पूर्वीइतकी किंमत वाटत नव्हती.

त्या हिवाळ्यात बर्फ पडला. डिसेंबरात पडला, जानेवारीत परत पडला, आणि फेब्रुवारीच्या शेवटी तर रस्तेच बंद झाले. नीलांबरी सकाळी खिडकीशी उभी राहून चहा प्यायची. वडील मागून यायचे, बाहेर बघायचे आणि हीटरचं बटण वाढवायचे.

एप्रिल संपता संपता ती डोंगरापलीकडच्या उतारावर गेली. उतार पिवळा होता. रस्त्यावरून, गाडीच्या काचेतूनसुद्धा दिसत होता. तिने गाडी थांबवली, पण उतरली नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून बघत राहिली. इथे उगवलं आहे, म्हणजे आता खोऱ्यात जे दिसेल ते खरं असेल.

खोऱ्यात पहिल्या दिवशी काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. इतर फुलं होती, पांढरी, जांभळी, सेजब्रशच्या पायथ्याशी गर्दी करून उगवलेली. मंकीफ्लॉवर नव्हतं. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा जगन्नाथांनी तिचं तोंड बघितलं आणि वर्षभरात पहिल्यांदा विचारलं, "नाही?"

"अजून अर्ध्याहून जास्त बाकी आहे."

"उद्या मी येतो," ते म्हणाले.

त्यांचे गुडघे वाकत नव्हते. वाळूत चालणं डॉक्टरांनी मनाच केलं होतं. तरी ती नको म्हणाली नाही. तिने गाडीत एक घडीची खुर्ची टाकली, छत्री टाकली. साइटवर त्यांना एका कोरड्या ओढ्याच्या काठी बसवलं आणि ती सहकाऱ्यांबरोबर ओळ धरून निघाली.

ते बराच वेळ बसून होते. समोर खुणांचे खांब ठोकलेले होते. कुठे सबस्टेशन होणार, कुठून आत जायचा रस्ता निघणार, हे त्यांनी त्या खांबांवरून ओळखलं. सबस्टेशनची जागा त्यांना पसंत पडली. आपणही तिथेच निवडली असती, असं त्यांना वाटलं.

दुपारी त्यांना तिची हाक ऐकू आली. ती फार लांब नव्हती. ओढा जिथे वळत होता तिथे, रस्त्याच्या खांबांच्या दोन रांगांच्या मधोमध, ती गुडघ्यांवर बसली होती. ती उठत नव्हती, म्हणून ते खुर्ची तशीच टाकून, छत्रीचा आधार घेत तिच्यापर्यंत गेले.

"पाय जपून, बाबा. तिथेच थांबा."

ते थांबले. आधी त्यांना काहीच दिसलं नाही. नुसती भरड वाळू. मग एक पिवळा ठिपका दिसला, मग त्याच्या शेजारी दुसरा, आणि एकदा नजर बसल्यावर त्यांना कळलं की ती सगळी वाळूच ठिपक्यांनी भरलेली आहे. आपल्या बुटाच्या टोकापासून वीतभर अंतरावरसुद्धा एक फूल आहे. शर्टाच्या बटणापेक्षा लहान. वाऱ्याने सेजब्रश हलत होतं, पण ते इतकं जमिनीलगत होतं की हलत नव्हतं.

"एवढंसं," जगन्नाथ म्हणाले.

"हो."

"आणि किती जागेत आहे?"

तिने मान वळवून बघितलं. "आपल्या घराच्या अंगणाएवढ्या. बाकी कुठे नाही अजून."

पुढच्या आठवड्यात सगळं खोरं बघून झालं. आणखी कुठेही नव्हतं. तेवढा एकच तुकडा. कंपनीच्या नव्या माणसांनी, जी आता डेन्व्हरला बसत होती, एका मीटिंगमध्ये तो प्रश्न सोडवला. आत जायचा रस्ता ओढ्याच्या पलीकडून घ्यायचा आणि या तुकड्याला कुंपण करायचं. नकाशावर रेघ पुसून बाजूला नवी ओढायला इंजिनिअरला काही मिनिटं लागली असतील. नीलांबरी व्हिडिओवर ते बघत होती. सगळ्यांनी तिचे आभार मानले. मीटिंग संपल्यावर ती बाथरूममध्ये जाऊन रडली. जे वाचलं त्यासाठी रडतेय की ते किती सहज वाचलं त्यासाठी, हे तिला सांगता आलं नसतं.

संग्रामला सांगायचं कुणी, यावर वडील-मुलीत चर्चा झाली नाही. कुंपणाच्या जागेवर खुणा करायला ती गेली त्या सकाळी जगन्नाथ परत बरोबर आले होते. अमरावतीत तेव्हा रात्रीची जेवणं आटोपली असतील. तिने फोन लावला. वर्षभरात पहिल्यांदा.

"बोला ताई." त्याचा आवाज आश्चर्याचा नव्हता. मागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

"संग्राम, ते सापडलं."

"प्लांटच्या आत?"

"हो. एन्ट्रन्सचा रोड जात होता, बरोब्बर तिथे."

"किती एरिया?"

"लहान. तुझ्या प्लेनोच्या घराचं बॅकयार्ड होतं ना, तेवढा. त्यांनी रोड शिफ्ट केला. प्रोजेक्ट होतोय."

माफी मागावी असं नीलांबरीला वाटत होतं, पण कशाची मागायची हे तिने वर्षभर शोधलं होतं आणि सापडलं नव्हतं.

"रोड शिफ्ट केला," तो म्हणाला. "बस?"

"बस."

"मी तेव्हाच म्हटलं असतं तर?"

"तेव्हा कुठे आहे हे माहीत नव्हतं. कुठून कुठे शिफ्ट करणार?"

"हं." तो खुर्चीत सरकल्याचा आवाज आला. "ताई, खरं सांगू? मी वाट बघत होतो. नाही सापडलं, असा फोन येईल म्हणून. मग मला तुमचा नीट राग करता आला असता."

"आता?"

"आता माहीत नाही."

तिने विचारलं, घरचे कसे आहेत. नागपूरला एका सोलर फर्ममध्ये जातो, त्याने सांगितलं, रोज ट्रेनने. रत्ना ठीक आहे. अनिका शाळेत इंग्रजीतच बोलते, बाई मराठीत विचारतात आणि ती इंग्रजीत सांगते. आता तिच्या वर्गातली दोन मुलं तिच्यासारखं बोलायला लागली आहेत. हे सांगताना तो किंचित हसला. मग म्हणाला, "प्लेनोचं घर आठवलं की ती काही बोलत नाही. आधी विचारायची कधी जायचं. आता विचारत नाही."

"संग्राम," ती म्हणाली.

"असू द्या, ताई," तो म्हणाला. "काका आहेत का?"

तिने फोन वडिलांना दिला. जगन्नाथ घडीच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी फोन कानाला लावला आणि पहिल्यांदा अनिकाची चौकशी केली. मग संग्रामने काहीतरी विचारलं असावं, कारण ते सावरून बसले आणि समोरच्या खांबांकडे बोट दाखवत सांगू लागले, जणू त्याला ते दिसत होते. सबस्टेशन तिथेच ठेवलंय, तुझ्या प्लॅनप्रमाणेच. रस्ता आता उत्तरेकडून येईल. केबल थोडी लांब पडेल, पण तेवढं चालतं.

नीलांबरीने हातोडी उचलली. तुकड्याच्या कडेने, कुठलंही रोप पायाखाली येणार नाही अशी जागा बघून, तिने पहिला खुंटा रोवला. मागे वडील व्होल्टेजबद्दल बोलत होते. फोनमधला आवाज तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता, पण ते बोलणं लवकर संपणार नाही एवढं कळत होतं. तिने दोरी बांधली आणि दुसऱ्या खुंट्याची जागा बघायला ओढ्याच्या बाजूने चालू लागली.